अँजिओप्लास्टी झाली, रिपोर्ट नॉर्मल आले, तरी रात्री भीती काहून वाटते?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ५१, इतवारीत दुकान, घर नंदनवनला. तीन आठवड्यांपूर्वी अटॅक आला, हार्टच्या एलएडी नावाच्या नसेत एक स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला, चार दिवसांनी घरी सोडलं, इकोत, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४५ टक्के. आता घरी छातीत जरासं टोचलं की हातपाय गार पडतात, रात्री दोन-तीनला जाग येते, धडधडते, ऑक्सिमीटर बोटाला अन् बीपीचं मशीन उशाशी. रात्रीच दोनदा कॅज्युअल्टीत जाऊन आलात, दोन्ही वेळा ईसीजी अन् ट्रोपोनिन (हार्टला इजा झाली का ते सांगणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल आलं, तिथल्या डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. अन् आता तुम्ही विचारताय की सगळं नॉर्मल आहे तर हे होतंय काहून, मी वेडा तर होऊन नाही राहिलो?

नाही हो. मी फिजिशियन आहे, नागपुरातच, अन् अटॅकनंतर माणसाला पुन्हा चालतं-फिरतं करणं, ज्याला रिहॅब म्हणतात, हेच माझं रोजचं काम. तुम्ही लिहिलंय ते अटॅकनंतर इतकं कॉमन आहे की एखादा पेशंट तिसऱ्या आठवड्यात "मला काहीच भीती वाटत नाही" म्हणाला तर मला त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण असे लोक गोळ्या सोडतात. घरात एकदा चोरी झाली की माणूस पुढे महिनाभर उंदराच्या खुडबुडीनेही उठून बसतो, तुमचं शरीर सध्या तेच करून राहिलं. त्यात "टेन्शन घेऊ नका" हे काही औषध नाही, ते ऐकून कोणाचं टेन्शन गेलेलं मी तरी पाहिलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ही भीती तपासण्यांनी जात नाही, उलट प्रत्येक तपासणीने दहा मिनिटं बरं वाटतं अन् पुढची तपासणी जवळ येते. ती जाते रोजची कामं थोडी थोडी परत हातात घेतल्याने. पण त्यासाठी आधी एक गोष्ट एकदाच ठरवून ठेवावी लागते, की खरा धोका कोणता अन् तेव्हा करायचं काय. ते ठरलं नसेल तर माणूस दिवसभर तोच विचार करत बसतो.

आधी ते पंपिंगचं, कारण तुमच्या लिहिण्यावरून वाटलं की ४५ टक्के म्हणजे अर्ध्याहून जास्त हार्ट गेलं असं तुम्ही धरून चाललाय. असं नाहीये. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं जेवढं रक्त बाहेर ढकललं जातं त्याचा तो टक्का असतो, अन् १०० टक्के कोणाचंच नसतं, धडधाकट माणसाचंही साधारण ५५ ते ७० च्या मधेच असतं. म्हणजे ४५ हे थोडं कमी आहे, अर्धं नाही. दुसरं असं की अटॅकमधे थोडा स्नायू कायमचा जातो पण त्याच्या आजूबाजूचा बराचसा नुसता सुन्न पडलेला असतो, नस उघडल्यावर तो पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू कामाला लागतो. म्हणून तर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा इको करायला सांगतात. वाढेलच असं मी इथे बसून सांगू शकत नाही, पण आजचा आकडा शेवटचा धरून चालू नका.

आता छातीतलं दुखणं. हार्टचं दुखणं दाखवायला सांगितलं की पेशंट बहुतेक वेळा सगळा तळहात नाहीतर मूठ छातीच्या मधोमध ठेवतो. दाब, आवळल्यासारखं, जड, कधी जळजळ. ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात जातं, सोबत घाम, मळमळ, दम लागणं, अन् ते मिनिटांच्या हिशोबाने टिकतं. याउलट जे तुम्ही एका बोटाच्या टोकाने दाखवू शकता, दाबलं की दुखतं, कूस बदलली की कमी-जास्त होतं, सुईसारखं दोन सेकंद येऊन जातं, ते बहुतेक वेळा बरगड्यांचं, स्नायूंचं नाहीतर गॅसचं असतं. बहुतेक वेळा म्हणतेय, नेहमी नाही. शुगर असणाऱ्यांना, बायकांना अन् वयस्कर लोकांना अटॅक छातीत न दुखताही येतो, नुसता घाम, दम, गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच. तुम्हाला शुगर आहे का ते तुम्ही लिहिलं नाही, असेल तर हे लक्षात ठेवा. अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या अटॅकच्या वेळी जसं झालं होतं तसंच परत व्हायला लागलं तर विचार करत बसायचंच नाही.

मग करायचं काय, ते एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. असं लिहा: काम थांबवून खाली बसायचं. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (नसा सैल करून छातीतलं दुखणं कमी करणारी गोळी) लिहून दिली असेल तर एक गोळी जिभेखाली, अन् घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा त्याच्या आतच वाढत चाललं, तर १०८ ला फोन. गोळी उभ्याने घेऊ नका, बीपी पडून चक्कर येते अन् लोक डोकं फोडून घेतात. स्वतः गाडी चालवत निघायचं नाही, पोराच्या ॲक्टिव्हावर मागे बसूनही नाही. कागदाखाली फाईल कुठे ठेवलीय ते, सध्याच्या गोळ्यांची नावं अन् रात्री कोणत्या हॉस्पिटलला जायचं ते लिहा, घरातल्या सगळ्यांना एकदा वाचून दाखवा. बस. त्या कागदातलं काही झालं तर तो कागद सांगेल तसं करायचं, अन् मग खोटा अलार्म निघाला तरी लाजायचं कारण नाही, कॅज्युअल्टी त्यासाठीच आहे. त्या दोन रात्री गेलात ते बरोबरच केलं. पण जे कागदात बसत नाही त्याच्यासाठी रात्री कोणाला उठवायचं नाही, हा त्या कराराचा दुसरा भाग.

(व्हॉट्सॲपवर फिरतं ना, अटॅक आला की जोरजोरात खोकला काढा म्हणून, ते खोटं आहे. लसूण-लिंबू-आल्याच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळतात हेही. डिलीट करा.)

आता एक गोष्ट जी डिस्चार्जच्या गडबडीत कोणी नीट सांगत नाही. तुम्हाला जे होतंय त्यातलं काही गोळ्यांचंही असू शकतं. टिकाग्रेलोर चालू आहे का पाहा, रक्त पातळ ठेवायची दिवसातून दोनदा घ्यायची गोळी. तिने काही लोकांना एक विचित्र दम लागतो, म्हणजे जिना चढताना नाही तर टीव्ही पाहत बसल्या बसल्या, मधेच एक खोल श्वास घ्यावासा वाटतो, पुरेसा श्वास मिळालाच नाही असं वाटतं, ऑक्सिमीटर लावला तर ९८. मग माणूस घाबरतो, घाबरला की श्वास आणखी वाढतो. असं असेल तर डॉक्टरांना सांगा, बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं, नाही झालं तर ते दुसरी गोळी देऊ शकतात. पण स्वतःच्या मनाने एक डोससुद्धा बंद करायचा नाही, नव्या स्टेंटमधे गुठळी होणं ही खरी धोक्याची गोष्ट आहे. मेटोप्रोलोलसारख्या गोळीने नाडी ५५-६० वर येते, ते हार्ट बंद पडणं नाही, ते त्या गोळीचं कामच आहे. त्याच गोळीने थकवा येतो अन् कोणाकोणाला चित्रविचित्र स्वप्नं पडतात. रॅमिप्रिल या बीपीच्या गोळीने काहींना कोरडा खोकला येतो. गोळ्यांची पट्टी हातात घेऊन फॉलोअपला जा अन् एकेक विचारा.

मात्र आडवं झाल्यावर दम लागतो अन् उठून बसलं की बरं वाटतं, पायावर सूज आलीय, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, चक्कर येऊन पडलात, यातलं काही असेल तर ते मनाचं समजू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

रात्रीचं. तीन वाजता जाग येते, घर शांत, डाव्या कुशीवर झोपलं की उशीतून स्वतःचे ठोके ऐकू येतात, मधेच एक ठोका चुकल्यासारखा वाटतो (चुकार ठोके धडधाकट माणसालाही येतात, दिवसा गडबडीत कळत नाहीत), अन् झालं सुरू. श्वास भरभर व्हायला लागतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, म्हणून बोटांना अन् ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळते. म्हणजे भीतीनेच अशी लक्षणं तयार होतात जी अटॅकसारखी वाटतात. पॅनिकची लाट बहुतेक दहाएक मिनिटांत टोकाला जाते अन् मग उतरते, तुम्ही काही केलं नाही तरी. अशा वेळी आधी कागद आठवा. त्यातलं काही असेल तर श्वास-बिश्वास करत बसू नका, कागदाप्रमाणे करा. नसेल तर उठून हॉलमधल्या खुर्चीत बसा, एक हात पोटावर, नाकाने चार मोजेपर्यंत आत अन् सहा मोजेपर्यंत हळूच बाहेर. खोल श्वास घ्यायचा नाहीये हे लक्षात ठेवा, लोक इथेच चुकतात, छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतात अन् मुंग्या आणखी वाढतात. साधाच श्वास, फक्त बाहेर सोडायला जास्त वेळ. पाच मिनिटं. अन् हे पहिल्यांदा रात्री तीनला करायला जाऊ नका, जमणार नाही, रोज दिवसा बरं असताना दोनदा करून ठेवा.

दुपारी जेवून दोन-दोन तास झोपत असाल तर तेही थांबवा, अर्धा तास पुरे, मग रात्री झोप येणार कुठून. अन् वहिनींना विचारा तुम्ही झोपेत जोरात घोरता का, मधेच श्वास थांबून दचकून उठता का, तसं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्यायची, तो वेगळा आजार आहे अन् त्याला इलाज आहे.

मशीनचं काय करायचं? फेकायचं नाही. बीपी रोज सकाळी एकदा, चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाच मिनिटं शांत बसून, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, वहीत लिहायचं अन् मशीन कपाटात, हवं तर चावी वहिनींकडे. घाबरल्यावर घेतलेलं बीपी वाढलेलंच येणार, त्याचा काही उपयोग नाही. ऑक्सिमीटर कोविडच्या वेळेपासून सगळ्यांच्या घरी पडलाय, पण तुमच्या कामाचा नाही, अटॅक चालू असतानाही तो ९८ दाखवू शकतो. पोराने घेऊन दिलेलं स्मार्ट घड्याळही अटॅक पकडत नाही. एकदम बंद करणं जमत नसेल तर तासातासाचं चार तासांवर आणा, मग दिवसातून दोनदा, मग एकदा. पहिले दोन-तीन दिवस भीती वाढेल हे आधीच सांगून ठेवते, ती वाढली म्हणजे उपाय चुकला असं नाही.

अन् आता चालणं, माझ्या मते हेच खरं औषध. आता गंमत वाटेल पण पूर्वी अटॅकच्या पेशंटला आठवडेच्या आठवडे पलंगावर आडवं ठेवत, स्वतःच्या हाताने जेवूही देत नसत. १९५२ मधे बोस्टनच्या लेव्हाइन अन् लाउन या डॉक्टरांनी पेशंटना पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसवायचं सुचवलं तेव्हा त्यांच्यावर लोक भडकले होते. निघालं उलटंच, पडून राहण्यानेच गुठळ्या होत होत्या अन् माणसं मनाने खचत होती. आपल्या घरी मात्र अजूनही आराम म्हणजे पलंग, अन् वहिनी पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. त्यातून तुमच्या मनाला रोज एकच निरोप जातो की मी काचेचा आहे.

तुमच्या कार्डिओलॉजिस्टला फोन करून एवढंच विचारा, "मी सपाट रस्त्यावर चालू शकतो ना, अन् बाकीच्या नसांत काही ब्लॉक ठेवलेत का?" हो म्हणाले की सुरू. आधी गल्लीच्या टोकापर्यंत अन् परत, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. झेपलं की दर दोन-तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवा, अशा हिशोबाने महिना-दीड महिन्यात सलग अर्धा तास व्हायला पाहिजे. स्पीड किती, तर चालता चालता सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत असेल तर फार हळू चाललाय अन् दोन शब्दांवर थांबावं लागत असेल तर फार जोरात. जेवल्यावर तासभर तरी नाही. छातीत दाब आला, चक्कर आली तर थांबायचं, अन् मग तोच फ्रिजवरचा कागद. तुम्हाला रेशीमबागचं मैदान बरं पडेल, सपाट आहे. सेमिनरी हिल्सचा चढ सध्या नको, मित्र बोलावतील तरी.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. पारा ४५ च्या आसपास असताना सकाळी सहाच्या आत नाहीतर घरातल्या घरात, हॉल ते गच्चीचं दार अशा चकरा. बीपीच्या गोळ्या चालू असताना अंगातलं पाणी कमी झालं की उभं राहिल्यावर भोवळ येते, अन् भोवळ आली की तुम्ही परत अटॅक समजून घाबरणार. पाणी किती प्यायचं ते मात्र विचारून ठेवा, लघवीची गोळी चालू असेल तर हिशोब बदलतो. डिसेंबर-जानेवारीत उलटं, पहाटेच्या गारठ्यात निघू नका, ऊन आल्यावर जा.

आंघोळीबद्दल तुम्ही लाजत लाजत लिहिलंय की वहिनी बाथरूमबाहेर स्टूल टाकून बसतात अन् दर मिनिटाला हाक मारतात. हे फार घरांत चालतं. आधी दार लावायचं पण कडी नाही, अन् वहिनी स्टूलऐवजी स्वयंपाकघरात. दोन-तीन दिवसांनी हाक मारायची नाही. मग त्या खाली भाजी आणायला जातील. पाणी कोमट, फार कढत नको. अन् संडासात जोर करावा लागत असेल तर इसबगोल किंवा डॉक्टरांकडून काहीतरी घ्या, कुंथणं नको. वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्यासाठी: तुम्ही त्या रात्री यांना घामाने भिजलेलं पाहिलंय, तुमची भीती यांच्याहून कमी नाही, पण काळजी दाखवायची तर रोज संध्याकाळी यांच्यासोबत चालायला जा, ग्लास यांना उचलू द्या.

भेटायला येणाऱ्यांना आवरा. आपल्याकडे पेशंटला पाहायला येतात अन् "आमच्या साडूभावालाही असंच झालं होतं, तीन महिन्यांनी दुसरा आला अन् खल्लास" असं सांगून चहा पिऊन जातात. असं कोणी सुरू केलं की पोराने सरळ विषय बदलायचा, नाहीतर "बाबांची चालायची वेळ झाली" म्हणून उठवायचं.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) बंद केलात हे तुम्ही एका ओळीत उरकलं, पण माझ्यासाठी ती मोठी बातमी आहे, कारण तुमच्या घाबरण्यातला काही भाग त्याचाही असणार. दिवसाला पाच-सहा पुड्या खाणाऱ्याचं निकोटीन एकदम बंद झालं की बेचैनी, चिडचिड, झोप उडणं, मन न लागणं हे सगळं होतं, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त अन् मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. म्हणजे तुमचा कठीण टप्पा सरत आलाय. एखादी पुडी खाल्ल्याने बरं वाटेल हे खरं आहे, म्हणूनच ती खायची नाही. दुकानात परत गेल्यावर शेजारचा पानठेलेवाला अन् चार मित्र हीच खरी परीक्षा, त्यांना आधीच सांगून ठेवा. तलब आवरत नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायची फुकट हेल्पलाइन आहे.

हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला लाजतात म्हणून सांगते: नवरा-बायकोचे संबंध. कॉम्प्लिकेशन नसेल अन् दोन जिने नेहमीच्या वेगाने दम न लागता, छातीत न दुखता चढता येत असतील तर सहसा हरकत नसते, फॉलोअपला एकदा विचारून घ्या. फक्त त्यासाठी कोणाच्या सांगण्यावरून गोळी आणू नका, सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास अन् टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही, बीपी जीवघेणं पडू शकतं. अन् घेतली असेल तर कॅज्युअल्टीत लपवू नका.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक वाटला नाही तर मानसोपचार डॉक्टरांकडे जा. दिवसभर मन उदास, कशातच रस नाही, जेवण-झोप गेलेली, उगाच रडू येतं, असं दोन आठवडे राहिलं तर ते डिप्रेशन असू शकतं, अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला ते होतं, अन् ते तसंच सोडलं तर हार्टच्या तब्येतीवरही परिणाम होतो. जगून काय करायचं असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी घरच्यांना सांगा, १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर रात्रंदिवस चालू असतो. मेडिकल अन् मेयो ही दोन सरकारी हॉस्पिटलं अन् मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, प्रायव्हेटमधेही भरपूर चांगले लोक आहेत. औषध लागलंच तर सर्ट्रालिनसारखं औषध अटॅक झालेल्या पेशंटवर नीट तपासलं गेलंय, फक्त रक्त पातळ करायच्या गोळ्यांसोबत रक्तस्राव होण्याची शक्यता थोडी वाढते म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायची. अन् मेडिकलवाल्याकडून झोपेसाठी अल्प्राझोलाम आणून खाऊ नका, चार दिवस छान झोप लागते अन् मग ती सुटत नाही.

फॉलोअपची तारीख जवळच असेल. जाताना बीपीची वही, चालण्याच्या मिनिटांची नोंद, गोळ्यांच्या पट्ट्या अन् पहिल्या इकोचा रिपोर्ट न्या, अन् विचारायचे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर सुचत नाही: दम गोळीने लागतो का, पुढचा इको कधी, अन् दुकानात अर्धा दिवस बसायला कधीपासून जाऊ. वहिनींनाही केबिनमधे सोबत घेऊन जा, ग्लास उचलायची परवानगी त्यांच्यासमोरच विचारा.